पुळणीवरचा देवमासा आणि आपला पंचनामा

(रत्नागिरी येथील व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाराज, संयोजक आणि मित्रहो, पत्रिकेवर 'अरबी समुद्रातील देवमाशांची संख्या आणि संवर्धन' असा भारदस्त विषय छापलेला आहे. संख्येकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी, ज्यांना पाहण्यासाठी होडीसुद्धा लागत नाही, म्हणजे जे मरून आपल्या पुळणीवर येतात, त्या देवमाशांविषयी थोडे बोलू द्यावे. रेवदंड्याला 2015 च्या जूनमध्ये आलेला निळा देवमासा अनेकांना आठवत असेल. गणपतीपुळ्याला 2023 च्या नोव्हेंबरात आलेल्या पिलाला समुद्रात परत नेण्यासाठी तर इथले काहीजण स्वतः पाण्यात उतरले होते. ते पिलू अखेर वाचले नाही, पण जिवंत प्राण्यासाठी आपण रात्र जागवतो हे खरेच आहे. माझी तक्रार मेलेल्या प्राण्याबाबतची आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावी (नाव सांगत नाही, कारण तिथले दोघे-तिघे समोरच बसलेले दिसतात) असाच एक मृत देवमासा लागला. निरोप मिळताच मी निघालो. पोहोचलो तेव्हा जेसीबी खड्डा बुजवून, चहा पिऊन परतही गेला होता. पंचनामा मात्र तयार होता: 'एक मृत देवमासा, लांबी अंदाजे 40 फूट, दुर्गंधी सुटल्याने पुरण्यात आला.' खाली पाच पंचांच्या सह्या. जात कोणती, अंगावर जखमा होत्या का, यांविषयी अवाक्षर नाही. नर होता की मादी, असे मी संबंधित गृहस्थांना विचारले, तेव्हा ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "साहेब, आता त्याला काय फरक पडतो?"

फोटो तरी असतील म्हणून घरोघर फिरलो. फोटोंचा तोटा नव्हता, परंतु प्रत्येक फोटोत माशाच्या डोक्यासमोर कोणीतरी हसत उभे होते. एका फोटोत तर अख्खी क्रिकेट टीम होती. मला हवा होता तो डोक्याचा वरचा भाग, कारण ब्रायड देवमाशाच्या डोक्यावर नाकपुड्यांपासून जबड्याच्या टोकाकडे जाणाऱ्या तीन उभ्या कण्या, म्हणजे उंचवट्याच्या रेघा, असतात, तर निळ्याचे डोके रुंद, चपटे आणि मध्ये एकच कणी असलेले असते. अखेर सातवीतल्या एका मुलाने मित्राची टोपी माशाच्या पाठीवर जाऊन पडली म्हणून कातळावर चढून काढलेला फोटो मिळाला आणि टोपीच्या पलीकडे त्या तीन कण्या स्वच्छ दिसल्या. म्हणजे त्या प्राण्याची जात ठरली ती पाच पंचांमुळे नव्हे, एका टोपीमुळे!

एवढ्या मोठ्या देहातून काय काय वाचता येते, याची कल्पना द्यावी. लांबी घ्यायची ती जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत. पाठीच्या उंचवट्यावरून दोरी फिरवली तर मासा कागदावर वाढतो. ब्रायड, निळा अशा देवमाशांच्या जबड्यात दातांऐवजी असणाऱ्या, अन्न गाळणाऱ्या झालरीच्या पट्ट्या नखांसारख्या सतत वाढत असल्याने त्यांत मागच्या काही वर्षांच्या आहाराची नोंद राहते. कानातील मळाचे थर मोजून वय काढता येते आणि कातडीच्या लहानशा तुकड्यावरून कोणता कळप कोणाशी नात्याचा, हे कळते.

देवमाशाच्या 'उलटी'चा, म्हणजे अत्तरासाठी वापरल्या जाणाऱ्या महागड्या अंबराचा, प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: अंबर तयार होते ते स्पर्म व्हेल या दात असलेल्या देवमाशाच्या आतड्यात. झालरवाल्या देवमाशाच्या पोटात सुरी घालून काहीही मिळणार नाही. स्पर्म व्हेलचे अंबर सापडलेच, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बाळगणे आणि विकणे आपल्याकडे गुन्हा आहे.

मेलेल्या देहाची नीट नोंद काय करू शकते, ते पाहा. सोव्हिएत जहाजांनी 1966 च्या नोव्हेंबरात अरबी समुद्रात दोनशेहून अधिक हंपबॅक जातीचे देवमासे बेकायदा मारले आणि जगापासून ते लपवले. मात्र जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांनी प्रत्येक देहाची लांबी, पोटातले अन्न आणि गर्भाचा आकार लिहून ठेवला. ती माहिती 1997 मध्ये जीवशास्त्रज्ञ युरी मिखालेव यांनी प्रसिद्ध केली, तेव्हा या हंपबॅकांचे विणीचे वेळापत्रक उत्तर गोलार्धातले आहे, म्हणजेच ते दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हेत, याला भक्कम पुरावा मिळाला. चोरांनी वही नीट ठेवली आणि आपण साव असून 'अंदाजे' लिहितो, हे मला फार लागते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली, तेव्हा मुख्य विषय धावतपळतच घेतो. जगातले इतर हंपबॅक ध्रुवाकडच्या थंड समुद्रात चरायला जातात. अरबी समुद्रातले मात्र इथेच राहतात, कारण नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येऊन त्यांना घरबसल्या अन्न मिळते. सुमारे 70 हजार वर्षे ते इतरांपासून वेगळे पडले आहेत. ओमानजवळ 2000 ते 2004 या काळातील, प्रत्येक प्राण्याची ओळख पटवणाऱ्या शेपटीच्या फोटोंवरून, एकच प्राणी पुन्हा किती वेळा दिसतो हे पाहून, तिथली संख्या अवघी 82 च्या आसपास, फार तर 60 ते 111 दरम्यान, असल्याचा अंदाज निघाला. तिथेच 2017 मध्ये उपग्रह-खूण (उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे यंत्र) लावलेली 'लुबान' ही हंपबॅक मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि परत ओमानकडे वळली. म्हणजे तिला एकट्या ओमानने सांभाळून भागणार नाही.

हिंदी महासागर 1979 मध्ये देवमाशांसाठी अभयारण्य ठरला. त्याने व्यापारी शिकार थांबते, जाळी आणि जहाजे नव्हेत. ओमानच्या हंपबॅकांपैकी 30 ते 40 टक्क्यांच्या अंगावर जाळ्यात अडकल्याचे व्रण दिसले होते. जाळे कापून संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला आपले राज्य शासन 2018 पासून 25 हजारांपर्यंत भरपाई देते. तांडेलांनी ती जरूर मागावी. मेलेल्या प्राण्यावर असे दोरीचे वळ शोधायचे ते शेपटीच्या देठाशी. तेव्हा पुढच्या वेळी जेसीबीवाल्याला आणखी एक चहा पाजावा आणि तेवढ्यात डोके वरून, झालर, पोटाची बाजू आणि शेपटीचा देठ असे चार फोटो घ्यावेत. शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि कृपा करून मध्ये कोणीही उभे न राहता.