उद्या पहाटे निघायचंय, आज फक्त सामान काढायचंय

हॉलभर हे जे पसरलेलं दिसतंय ना, ती आमची उद्याची ट्रिप आहे. पुणे ते पणजी, सायकलवर, पण सरळ रस्त्यानं नाही. सरळ जायचं तर कोल्हापूर, आंबोली करत साधारण 450 किलोमीटरमध्ये काम होतं. आम्ही ताम्हिणी घाट उतरून दिवेआगरला जाणार आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली खाली, थेट गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत. किती लांब पडणार हे घरी विचारलं की आम्ही विषय बदलतो.

आता हा किनाऱ्याचा रस्ता नकाशात एकदम निवांत वाटतो, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार असं कुणालाही वाटेल, आणि तिथंच सगळे फसतात. कोकणात खाडी आली की रस्ता उतरत उतरत अगदी पाण्यापर्यंत जातो आणि खाडी ओलांडली की पुन्हा वर सड्यावर चढतो, शंभर-दीडशे मीटर, जांभ्या दगडाचं पठार, सावली नाही, तिथं जरा पाय मोकळे होतात तोवर पुढची खाडी दिसायला लागते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, प्रत्येक नदीची वेगळी खाडी. एकही चढ ताम्हिणीएवढा मोठा नाही, पण दिवसभर तेच तेच चालू राहतं. म्हणून आजचा दिवस खरं तर सामान भरायचा नाहीच, काढायचा आहे. सपाटीवर पाच किलो जास्त असले तरी फारसं कळत नाही, चढावर मात्र ते पाच किलो प्रत्येक मीटरला आपणच वर उचलतोय.

हा मित्र, जो निळा टी-शर्ट घालून बसलाय, त्याची ही पहिलीच टूर. त्यानं जीन्स आणलीय.
"अरे जीन्स कशाला?"
"संध्याकाळी घालायला."
"संध्याकाळी तू झोपणारेस, भावा."
जीन्स गेली. दुसरी शूजची जोडी गेली, चपला राहिल्या. मोठा टॉवेल जाऊन पंचा आला, जो वाळतो पण पटकन आणि उन्हात डोक्याला गुंडाळता पण येतो. मग ड्रोनवर अर्धा तास वाद झाला आणि ड्रोन पण गेला, त्यामुळे या व्हिडिओत वरून दिसणारे बीच नाहीयेत, सॉरी.

हा दुसरा गडी ब्रेव्हेवाला. ऑडॅक्सच्या राइड्स करतो, म्हणजे लांब पल्ला ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचा, 200 किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत वगैरे, त्यामुळे त्याचं सामान बघून आम्हाला लाज वाटते. एक छोटी बॅग सीटखाली, एक हँडलला, विषय संपला. पण त्यालाही आम्ही सांगितलं की बाबा इथं घड्याळ नाही लावायचं, मध्ये मोदक खायला थांबायचंय.

आता टूल्स. इथं मात्र कंजुषी नाही. दोन स्पेअर ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, अॅलन कीचा सेट, चेन तुटली तर जोडायला मिसिंग लिंक, आणि हा एवढासा पितळी अडॅप्टर. याचं कारण ऐका. आपल्या सायकलच्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असतो, गावातल्या पंक्चरवाल्याकडं हवेचा कॉम्प्रेसर असतो पण त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसणारं. म्हणजे समोर हवाच हवा आणि आपण हातपंप मारत उभे. हा अडॅप्टर लावला की काम झालं.

मग ब्रेक. ताम्हिणीचा उतार मागं लोड असताना उतरायचा म्हणजे ब्रेक पॅड आजच बघायचे, अर्धे झिजलेले असले तरी बदलून टाकायचे, जुने "अजून चालतील" म्हणून ठेवायचे नाहीत. टायर 35 एमएमचे आहेत, त्यात 60-65 पीएसआय हवा. खूप कडक केली की खडबडीत रस्त्यावर हाताला मुंग्या येतात. कॅरिअरचे चारही बोल्ट घट्ट करून झाले की संध्याकाळी पूर्ण लोड लावून एक चक्कर मारायची, टाच बॅगला लागते का ते तेव्हाच कळतं. आमच्यातल्या एकाची लागत होती. बॅग दोन बोटं मागं सरकवली.

उत्तरेकडून दक्षिणेला का चाललोय हे पण सांगतो. थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावर दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, बऱ्याचदा वायव्येचा, म्हणजे तो थोडा का होईना पाठीशी असतो. उलट गोव्याहून वर यायचं तर तोच वारा तोंडावर, रोज दुपारी.

आणि जेटी! या रूटचा जीव तिथं आहे. बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत, सायकल ढकलत आत न्यायची आणि पलीकडं उतरायचं. दाभोळची बोट नसेल तर गुहागरला जायला चिपळूणकडून केवढा तरी वळसा. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं किती वर्षं ऐकतोय, आता खाड्यांवर पुलांची कामं निघालीत. होतील तेव्हा होतील, आम्हाला बोटच बरी, तेवढीच बसायला मिळते. फक्त शेवटची बोट किती वाजता ते आधी विचारून ठेवायचं, ते काम आज फोनवर झालं.

दिवेआगरच्या काकूंनाही फोन केला.
"काकू, उद्या तिघं येतोय, सायकलवर."
"पुण्याहून? सायकलवर?" मग थोडं थांबून, "मासे खाता ना?"
एवढीच चौकशी. आम्ही हो म्हटलं.

आईनं दशम्या केल्यात, सोबत शेंगदाण्याची चटणी, त्याचं वजन कुणी केलं नाही आणि करणारही नाही. आज रात्री साधा वरणभात, बाहेरचं काही नाही. पहाटे साडेचारला निघायचं, कारण चांदणी चौक आणि पौड रस्ता गाड्यांची गर्दी व्हायच्या आत मागं टाकायचाय. उजाडायला सात वाजतात, तोवर पुढचा-मागचा लाइट लागणार, ते चार्जिंगला आहेत.

आत्ता निळा टी-शर्टवाला परत विचारतोय, काही राहिलं तर? राहिलं तर राहिलं, दापोलीच्या बाजारात सगळं मिळतं.