झाड काढण्याआधी बुंध्याशी बसा

नमस्कार, श्रोतेहो.

एप्रिल सरत आला, वळवाचे ढग जमू लागले, की नाशिकमधल्या जुन्या वसाहतींमध्ये एक बोलणं हमखास कानावर पडतं. "यंदा हे झाड काढूनच टाकू." गंगापूर रोड घ्या, महात्मानगर घ्या, नाहीतर नाशिकरोड. प्लॉट घेतला तेव्हा हौसेनं लावलेले गुलमोहर, आंबे, कडुनिंब आता गच्चीच्याही वर गेलेत. लावणारे थकले, मुलं बाहेरगावी गेली. त्यात शेजारच्या गल्लीत गाडीवर झाड पडल्याचा फोटो मोबाइलवर आला, की पोटात गोळा येतो. ही भीती खोटी नाही. पण घाबरलेला माणूस वर बघतो, शेंडा किती हलतोय ते बघतो. वाऱ्यात हलणारं झाड वाऱ्याचा जोर जिरवत असतं, ते हलायलाच हवं. धोका ओळखायचा असेल तर खाली बुंध्याशी बसावं लागतं.

तिथे काय बघायचं? खोड जमिनीला मिळतं तिथे कडक, कंगोऱ्यांची अळंबी आली आहे का? गुलमोहरावर ती फार दिसते. ती आली म्हणजे आत मुळं कुजायला लागलेली असतात, वरचा पाला कितीही हिरवागार दिसो. मग माती बघा. एका बाजूची माती नव्यानं उचललेली, भेगाळलेली असेल आणि झाड दुसरीकडे कललं असेल, तर उद्यावर टाकू नका. मुलांना, गाड्यांना तिथून हलवा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. उलट वर्षानुवर्षं तिरकं वाढलेलं आणि वर जाऊन पुन्हा सरळ झालेलं झाड बहुधा पक्कं असतं. त्यानं आपला तोल स्वतः सांभाळलेला असतो.

पोकळ खोडाला लोक उगाच घाबरतात. झाडाचं जिवंत लाकूड सालीलगत असतं. मधला गाभा गेला तरी बाहेरचं कवच जाड आणि अखंड असेल, तर चिंच आणि वड अनेक वर्षं उभे राहतात. त्या ढोलीत पिंगळे आणि पोपट राहतात, हे मला वेगळं सांगायला नको. कवच पातळ झालंय का, त्याला उभी भेग गेलीय का, हे मात्र जाणकाराकडून तपासून घ्या.

आता थोडं कडू बोलतो. अंगणातली बरीचशी झाडं आपणच धोक्याची करून ठेवतो. मूळ सरळ पाताळात जातं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. आपल्याकडे तर कित्येक ठिकाणी थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुळांना आडवं पसरण्यावाचून गत्यंतरच नसतं. त्या मातीवर आपण खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवतो. पाणी जात नाही, हवा जात नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या फाटकाच्या आतलं काँक्रीट काढायला कुणाच्या आदेशाची गरज नाही. पहार घ्या आणि खोडाभोवतीचे ब्लॉक काढायला आजच सुरुवात करा.

ड्रेनेजची लाइन टाकताना, कंपाउंड वॉल बांधताना मुळं तोडली जातात. बंगला पाडून इमारत उभी राहते तेव्हा तळघरासाठी एक बाजू सरळ कापून काढतात. दोन पावसाळ्यांनी झाड त्याच्या विरुद्ध बाजूला कोसळतं आणि दोष झाडाला लागतो. एक हिशेब लिहून ठेवा. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याची बारा पट करा. तेवढ्या अंतरापर्यंत चारी बाजूंनी खोदकाम, भराव, सिमेंटचा राडा काहीही नको. खोडाचा घेर ६ फूट असेल, तर व्यास दोन फुटांना थोडा कमी आणि अंतर जवळजवळ २३ फूट येतं. एवढी जागा प्रत्येकाकडे नसते, मान्य आहे. पण जितकं जवळ खोदाल तितका धोका वाढतो, हे ठेकेदाराला खोदाईआधी ठणकावून सांगा.

दुसरी चूक शेंडा मारण्याची. उंची कमी केली की धोका कमी, असं वाटतं. पण जाड फांदी मध्येच कापली की तिथून डझनभर कोवळे फुटवे जोरात वर येतात. ते मूळ फांदीच्या आतून निघालेले नसतात, नुसते कडेला चिकटलेले असतात. काही वर्षांनी हेच फुटवे जड होतात आणि वाऱ्यात उखडून पडतात.

फांदी काढायचीच असेल, तर ती खोडाला मिळते तिथला सुरकुतलेला फुगवटा शोधा. आधी खोडापासून फूट-दीड फुटावर खालून खाच घ्या. मग थोडं पुढे वरून कापा, म्हणजे साल सोलून खोडापर्यंत येत नाही. उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेरून कापा, फुगवटा तसाच राहू द्या. कापावर डांबर किंवा रंग फासायची गरज नाही. अमेरिकेच्या वन खात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत उभी करून तिला कोंडतं. ते काम फुगवट्यापासून सुरू होतं. कापण्याआधी घरटीही बघा. मे-जूनमध्ये कावळ्याची पिल्लं अंगणातच असतात.

आंब्यावर बांडगूळ दिसलं तर त्याची फळं पिकायच्या आत फांदीसकट काढा. फुलटोचा पक्षी ती खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीवर पुसतो. खोडातून भुसा बाहेर येत असेल तर तो खोडकिडा आहे. भोकात तार घालून त्याला ओढून काढतात.

एवढं सगळं बघूनही झाड काढावं लागतं, आणि तेव्हा भावनेत अडकू नये. वाटेवरचा, मुळाशी कुजलेला गुलमोहर काढलाच पाहिजे. पण परवानगी घेऊन. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि तो तुमच्या अंगणालाही लागू होतो. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे, जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यातच येतं. म्हणजे भोकं पाडून अ‍ॅसिड ओतणारेही सुटत नाहीत. मोठी छाटणीसुद्धा विचारूनच करा. महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात, उद्यान विभागाकडे अर्ज द्या. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांपुढचं झाड वारसा वृक्ष ठरलं. झाड जितक्या वर्षांचं, तितकी रोपं लावायची अटही त्यातच आली. २०२५ मध्ये तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर आले, याचा मला अभिमान वाटतो. तेवढीच नजर आपापल्या गल्लीतल्या झाडांवरही असायला हवी.

प्रत्यक्ष काढताना घाई करू नका. घरांच्या दाटीत झाड बुंध्यातून आडवं पाडत नाहीत. शेंड्याकडून तुकड्यातुकड्यानं कापत, प्रत्येक तुकडा दोरानं बांधून खाली सोडतात. तारा जवळ असतील तर महावितरणला सांगून वीज बंद करून घ्या. माणसाला पट्टा आणि हेल्मेट असल्याशिवाय झाडावर चढू देऊ नका. दोनशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी कुणाचा जीव पणाला लावू नये.

नवं रोप जुन्या खुंटाच्या जागी नको, बाजूला लावा. लहान अंगणाला बहावा, तामण, कांचन, पारिजातक शोभतात. वड-पिंपळ मोकळ्या मैदानासाठी ठेवा. भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर राखा, खोडाभोवती पालापाचोळा पसरा, पण तो खोडाला टेकू देऊ नका. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी घाला. रोज तांब्याभर ओतलं तर मुळं वरच राहतात.