नव्व्याण्णवांपाशी कोण होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत पदवी घेऊन मी नोकरीसाठी नागपूरला आले, तेव्हा या शहराविषयी माझ्या मनात एकच विशेषण होते: लहान. २०११ च्या जनगणनेत ज्या शहरात सुमारे २४ लाख माणसे मोजली गेली, त्याला लहान म्हणणे खरे तर चुकीचे आहे. पण सव्वा कोटीच्या शहरात वाढलेल्या माणसाची फूटपट्टीच तशी असते. रात्री सदर भागातला बाजार मिटला की खोलीत कूलरच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नसे, आणि बरोबरीच्या मैत्रिणी पुढे गेल्या, आपण मात्र मागे राहिलो, असे मला वाटत राही.

मी ख्रिस्ती घरातली आहे. मुंबईत मी रविवारी एका मोठ्या, जुन्या चर्चमध्ये जात असे. तिथला वाद्यवृंद उत्तम होता आणि प्रवचने अभ्यासपूर्ण असत. मी मागच्या बाकावर बसे, मनापासून प्रार्थना करी आणि शेवटचे गीत संपता संपता बाहेर पडे. आले नाही तरी कुणाला कळत नसे, आणि हेच मला स्वातंत्र्य वाटत होते. श्रद्धा ही माझी आणि देवाची गोष्ट आहे, तिथे तिसऱ्याचे काय काम, असे मी आग्रहाने म्हणत असे.

नागपुरात मला जी मराठी मंडळी, म्हणजे चर्च, मिळाली, तिथे रविवारी जेमतेम साठ माणसे जमतात. माझ्या वयाचे फारसे कुणी नाही. शिकलेली मुले पुण्याला, बंगळुरूला निघून गेली आहेत. पहिल्याच रविवारी माझे गाव, वडिलांचा व्यवसाय, भाडे आणि लग्नाचा विचार, इतके सगळे विचारून झाले. मला ते आवडले नाही, हे मी स्पष्ट सांगते. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला नेलेल्या यहुदी बंदिवानांना पाठवलेले पत्र त्या दिवसांत मी पुन्हा पुन्हा वाचत होते. ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे त्यात सांगितले आहे. हे मी एका आजींजवळ बोलले, तेव्हा माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हे काई बाबेल नाई, बाप्पा. तू आपल्याच मुलखात येऊन राहिली." मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

मे महिन्यात मला ऊन लागले. पारा पंचेचाळिशीवर होता, दुपारी रस्ते ओस पडत होते, आणि त्या रविवारी मी उपासनेला गेले नाही. संध्याकाळी दार वाजले. आजींचा मुलगा स्टीलच्या डब्यात कैरीचे पन्हे आणि कागदात गुंडाळलेले चार पांढरे कांदे घेऊन उभा होता. "आईनं बाक मोजले," तो म्हणाला, "तुमची जागा रिकामी होती." डबा अजून थंड होता, बाहेरून ओला झाला होता. तो घेताना मला रडू आले, कारण मुंबईत इतकी वर्षे माझी जागा रिकामी आहे हे कुणी पाहिलेच नव्हते.

या शहराच्या ख्रिस्ती इतिहासातही एक रिकामी जागा आहे, आणि मला ती फार जवळची वाटते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या परंपरा लिहून घेतल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन दगडांची वर्तुळे, पाहून बोरी गावाकडे परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचा घोडा एकटाच परत आला, तेव्हा लोकांना शंका आली आणि शोध सुरू झाला. हिस्लॉप कॉलेजवरून जाताना मला तो घोडा आठवतो.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तीही इथेच, नागपुरात. आमच्या वृद्ध सभासदांपैकी काहींना तो दिवस आठवतो.

जूनपासून माझ्याकडे मुलांची रविवारची शाळा आली. हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मी मोठ्या तयारीने सांगितला: मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाच्या शोधात जातो. नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, "मंग त्या नव्व्याण्णवांपाशी कोण होतं?" मी गप्प राहिले. तोच पुढे म्हणाला, "आमचा आजोबा बकऱ्या नेते तं काका संग राह्यते. एकट्यानं नाई नेत." एवढी प्रवचने ऐकून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कळपात कुणीतरी थांबले म्हणूनच मेंढपाळाला जाता आले असेल. आणि मोजणाराच नसेल, तर एक मेंढरू कमी आहे हे तरी कसे कळणार? श्रद्धेत तिसऱ्याचे काय काम, हा माझा जुना प्रश्न त्या दिवशी मी सोडून दिला.

मुंबईची आठवण अजून येते. पुस्तकांवर रात्र रात्र बोलणारे सोबती इथे मिळालेले नाहीत, आणि ती उणीव भरून निघाली असे मी म्हणणार नाही. पण आता रविवारी मी मागच्या बाकावर बसत नाही. मुले पुढे बसतात, आणि मला त्यांची संख्या पाहायची असते.

तो मुलगा गेले दोन रविवार आलेला नाही. त्याचे घर मेकोसाबागेच्या पलीकडे आहे, एवढेच मला ठाऊक आहे. बाकीचा पत्ता आजी सांगणार आहेत, आणि शनिवारी संध्याकाळी ऊन उतरले की आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत.

नमस्कार.