स्वाक्षरीनंतरची शांतता

श्रोतेहो, नमस्कार. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या छोट्या देशात १९८९ पासून २००३ पर्यंत दोन यादवी युद्धे झाली. त्यांत सुमारे अडीच लाख माणसे दगावली असे मानले जाते, आणि ज्यांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या त्यांत शाळेत जाण्याच्या वयाची मुलेही होती.

२००३ मध्ये राजधानी मन्रोव्हियातील मासळीबाजाराजवळ पांढरे कपडे घातलेल्या स्त्रिया उन्हापावसात रोज येऊन बसू लागल्या. लेमा बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया तेथे एकत्र आल्या होत्या, आणि युद्ध थांबवा एवढीच त्यांची मागणी होती. पुढे घानातील आक्रा येथे वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा हॉटेलांत राहून सत्तेची वाटणी करणाऱ्या प्रतिनिधींची दारे या स्त्रियांनी हातात हात गुंफून अडवली. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला.

मात्र बंदूक हेच ज्याच्या पोटाचे साधन, त्याच्यासाठी करार म्हणजे बेकारीची नोटीसच. म्हणून शस्त्र किंवा १५० काडतुसे जमा करणाऱ्यास दोन हप्त्यांत ३०० डॉलर देण्याचे ठरले. एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, पण शस्त्रे जमा झाली सुमारे २८ हजार. या हिशेबात लबाडी शिरली नसेल असे म्हणवत नाही. तरीही तो खर्च वाया गेला असे मला वाटत नाही, कारण लढणाऱ्यांच्या टोळ्या त्यामुळे मोडल्या.

उरला प्रश्न रात्री घराबाहेर पडणाऱ्या बाईचा. २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक महिलांची तुकडी मन्रोव्हियात दाखल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील ती पहिलीच महिला पोलीस तुकडी होती. ती २०१६ मध्ये परतली, तोवर लायबेरियाच्या सुरक्षा दलांतील स्त्रियांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले होते. त्याचे सारे श्रेय आपल्या तुकडीला देणे बरे नव्हे, पण गणवेशातील बाई रोज रस्त्यावर दिसण्याचा परिणाम होतोच.

न्यायाचे काम मात्र मागे पडले. माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, तीही शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. लायबेरियातील अत्याचारांसाठी विशेष न्यायालय नेमावे, ही सत्यशोधन आयोगाची शिफारस २००९ मधली. त्याच्या पूर्वतयारीचे कार्यालय स्थापण्याच्या आदेशावर अध्यक्ष जोसेफ बोआकाय यांची सही झाली ती मे २०२४ मध्ये.