उठू नको, विकेट पडेल

पुढं या की. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, पहिल्या रांगेत फक्त एक बाई बसल्यात, त्यांची ओळख नंतर करून देतो. नाही ना, कुणीच हलत नाही. सोलापुरात कुठल्याही कार्यक्रमाला जा, हुतात्मा स्मृती मंदिर असू दे नाहीतर आपल्या सोसायटीचा हा तिळगुळाचा कार्यक्रम, पुढं खुर्च्या मोकळ्या आणि मागं भिंतीला टेकून पंधरा जण उभे. विचारलं तर म्हणतात, लवकर निघायचंय. आणि हीच माणसं कार्यक्रम संपला की गेटपाशी पाऊण तास गप्पा मारत उभी असतात, एक पाय गाडीच्या किकवर, "चला निघतो" असं चार वेळा म्हणून झालेलं, पण गाडी काय सुरू होत नाही.

मी काही वक्ता नाही हो. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिले. सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं काहीही लिहा, तर त्यांनी बोर्डावर "मानवी स्वभाव : एक चिंतन" असं लिहून टाकलं. चिंतन वगैरे काही नाही, मॅच, पिक्चर आणि हुरडा एवढंच बोलणार आहे. माझं म्हणणं एवढंच की आपण कुठलीच गोष्ट नुसती बघायला बसत नाही, चालवायला बसतो.

मॅचपासून सुरू करू. २ एप्रिल २०११, शनिवार, वानखेडेवर वर्ल्डकपची फायनल. साखर पेठेत मामांच्या घरी एका खोलीत आम्ही चौदा जण, त्यात दोघं तिघं कोण होते ते मला आजही माहिती नाही, टीव्हीचा आवाज ऐकून आत आले असावेत. श्रीलंकेनं २७५ चं टार्गेट दिलेलं. सेहवाग दुसऱ्याच बॉलला गेला, खोलीत सुतक. मग सचिननं दोन चौके मारले तसं जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात मामी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि सचिन १८ वर आऊट. कीपरच्या हातात कॅच. मामांनी टीव्हीकडं नाही, मामीकडं बघितलं. "तू आत जा बघू. तू आलीस की आऊट होतंय."

आणि मामी गेली! वाद नाही, काही नाही. मग पुढचे तीन तास घरात कायदा लागू. जो जिथं बसलाय तो तिथंच. माझा मामेभाऊ एक पाय दुमडून बसला होता, गंभीर सेट झाला म्हणून त्यानं तो पाय सोडलाच नाही, मुंग्या येऊन येऊन पाय बधिर झाला, आणि एकाला लघवीला जायचं होतं त्याला सगळ्यांनी मिळून "अबे थांब बे, धोनी आलाय" म्हणून रोखून धरला. धोनीनं सिक्स मारला तेव्हा मामीला आतून नुसता आरडाओरडा ऐकू आला, ती हातातला झारा तसाच घेऊन पळत आली तोवर रिप्ले चालू झालेला आणि बाहेर फटाके. गंभीर ९७, धोनी नाबाद ९१, मामी किचनमध्ये नाबाद. मॅच मात्र तिनंच जिंकून दिली असं मामांचं मत.

आता तुम्ही हसताय, पण असं कुणाच्या घरी होत नाही ते हात वर करा. बघा, एक पण नाही.

स्किनर नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९४८ साली कबुतरांवर एक प्रयोग छापला. भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली आणि दर पंधरा सेकंदांनी दाणे आपोआप पुढं येणार अशी सोय केली. कबुतरानं काही करो न करो, दाणे येणारच, घड्याळावर चालू होतं ते. पण पहिल्यांदा दाणे आले तेव्हा एक कबुतर नेमकं गोल फिरत होतं, त्याला वाटलं फिरलो म्हणून आले, मग ते परत फिरायला लागलं, दाणे परत आले, झालं, पक्कं झालं डोक्यात. दुसरं एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मान खुपसायला लागलं. आठ कबुतरांपैकी सहांनी अशी आपापली पूजा सुरू केली. आमच्या साखर पेठेतलीच कबुतरं म्हणायची की! चौदा माणसांच्या खोलीत प्रत्येक बॉलला कोणी ना कोणी काहीतरी करतच असतं, कोण पाणी पितं, कोण जांभई देतं, कोण उठतं. विकेट तर पडणारच असते. पडली की आरोपी शोधायला कितीसा वेळ लागतो? आणि आरोपी कोण निघतो तेही बघा, ज्याला गप्प आत पाठवता येतं तोच. मामांनी स्वतः त्या दिवशी तीन वेळा खुर्ची बदलली, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

बरं, कबुतराला निदान दाणे मिळाले. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या फायनलला मामी आपणहून किचनमध्ये जाऊन बसली. आपले २४० झाले, मग ट्रॅव्हिस हेडनं १३७ मारले आणि मॅच गेली. मला वाटलं आता तरी मामा म्हणतील की जाऊ दे, ह्यात काही अर्थ नाही. छे! मामा म्हणाले, "मधी एकदा हिनं डोकं बाहेर काढलं होतं."

एक आडवळण घेतो, राग मानू नका. पॉली उम्रीगर, कसोटीत डबल सेंच्युरी मारणारा पहिला भारतीय, १९५५ ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, हा माणूस १९२६ साली आपल्या सोलापुरात जन्मला. मागच्या आठवड्यात पार्क मैदानाजवळ भजी खाताना चार जणांना मी हे विचारलं, एकालाही माहिती नव्हतं. पण त्या चौघांनाही हे बरोबर माहिती होतं की अहमदाबादला रोहितनं कुणाला बॉलिंग द्यायला पाहिजे होती.

पिक्चरचं तसंच. प्रत्येक टॉकीजमध्ये मागच्या रांगेत एक माणूस असतो जो पिक्चर पुढून चालवतो, "आता बघ, हा मरतोय", "आता बघ, भाऊ येतंय". तिकीट काढून आलेला असतो पण वागणं असं की जणू रिळं हाच घेऊन आलाय. चिडायचो मी आधी. आता मोबाईलवर एकटा पिक्चर बघतो तेव्हा त्याची आठवण येते, कारण विनोदी सीनला हसूच येत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणून एक अभ्यासक होता, हसणं हाच त्याचा विषय, त्याला असं दिसलं की माणूस एकट्यापेक्षा चार लोकांत साधारण तीसपट जास्त हसतो. म्हणजे जोक तोच, शेजारी बदलला.

२०१६ च्या एप्रिलमध्ये 'सैराट' लागला. दिग्दर्शक आपल्या करमाळा तालुक्यातला, जेऊरचा, त्यामुळं सोलापूरकरांना वाटत होतं घरचंच कार्य आहे. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. आत गाणं लागलं की पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचायला, शर्ट काढून गरगर फिरवायला लागली. आणि शेवटी ते लहान लेकरू, ती पावलं. आवाजच गेला पिक्चरचा. टॉकीजमध्ये फक्त पंख्याची घरघर. नाचलेली पोरं एकमेकांकडं न बघता बाहेर पडली, आणि माझ्या मागचा तो "आता बघ" वाला पहिल्यांदाच गप्प होता. पार्किंगमध्ये गाडी काढताना त्याच्या दोस्तानं विचारलं, "कसा वाटला बे?" हा आधी म्हणाला, "तुला?" मग दोघं जरा वेळ उभे राहिले, आणि मग हा म्हणाला, "गाणी भारी हायेत." मला त्या पोराचं फार बरं वाटलं. त्याला जे झालं होतं ते पार्किंगमध्ये सांगण्यासारखं नव्हतं आणि काहीतरी तर बोलावं लागतंच.

आता हुरडा. वाढदिवसाच्या पार्ट्यांबद्दल मी बोलत नाही, केक तोंडाला फासायची पद्धत कुणी काढली त्याला एकदा भेटायचंय एवढंच. पण हुरडा पार्टीत माणूस कळतो. जानेवारी २०२४, मंगळवेढ्याकडं एका पाहुण्याच्या शेतात गेलो होतो. हुरड्याचं काम नाजूक असतं, दाणा दुधात पाहिजे, आठवडाभर उशीर केला की तो ज्वारी होतो, हुरडा राहत नाही. आगटीपाशी एकजण धुरात डोळे चोळत कणसं भाजतोय आणि भोवती सहाजण उभे राहून "जाळ कमी कर", "आता फिरव", "करपलं बघ". सहापैकी चौघांनी आयुष्यात गोवरी हातात धरलेली नाही. आणि भाजलेलं कणीस गरम गरम तळहातावर चोळायला कोण? मामी. काळे हात, चोळून फुंकर मारून भुसा उडवायचा आणि हिरवा दाणा समोरच्या ताटात, ताटात पडायच्या आत चार हात. शेंगा चटणी, गूळ, दही, सगळं फिरतंय, मामीच्या पुढ्यात नुसती बुरकुंडं. मामा म्हणाले, जरा जोरात चोळ, दाणा राहतोय. मामीनं एक कणीस त्यांच्या हातात दिलं. मामांनी दुसऱ्या कणसाला तळहात भाजून घेतला, पाण्यात हात घालून बसले, आणि सगळे हसले तेव्हा मामी हसत हसतच म्हणाली, "पुढच्या फायनलला मी आत जाणार नाही."

ती फायनल पाच महिन्यांनी आलीच. २९ जून २०२४, बार्बाडोस. मामी सोफ्याच्या मधोमध, मांडीवर शेंगांचं ताट. आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० पाहिजे होते, क्लासेन तुफान मारत होता, आणि खोलीतले सगळे तिच्याकडं चोरून बघत होते, आत जातीय का. ती शेंगा फोडत होती. मामांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटच्या ओव्हरला १६ पाहिजे, हार्दिकचा पहिला बॉल, मिलरनं उचलला, सगळे उभे, मामा टीव्हीच्या बरोबर पुढं, आणि तो कॅच सूर्या बाउंड्रीवर पकडतोय, बाहेर जातोय, आत येतोय, तेवढ्यात मामी ओरडली, "अहो बाजूला व्हा की, दिसत नाही!"

तिनं बघितला. सात रनांनी जिंकलो.

तेव्हापासून मामांचा नवीन नियम निघालाय. मॅचच्या दिवशी मामी सोफ्यावरच पाहिजे, तिनं उठायचं नाही, चहा मामा करणार. पाणचट करतात. मामी आज आल्यात, त्या पहिल्या रांगेतल्या त्याच, आणि मामा ते मागं, भिंतीला टेकून उभे, लवकर निघायचंय म्हणतात.