चेंडू फेकणारा आणि त्याला उभं ठेवणारे

नमस्कार श्रोतेहो.

दर सप्टेंबरला आपल्या घराघरांत एक वाद सुरू होतो. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, जिंकायची आशा धरायची, तर संघात मोठ्या नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू, असायलाच हवा का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एक वर्ष जिंकायला नसला तरी चालतो. दरवर्षी जिंकायचं असेल, तर हवाच. पुन्हा सांगतो: एकदा जिंकायला नको, दरवर्षी जिंकायला हवा.

चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जायचं, हे गणित तुम्हाला मुलांनी कधीच शिकवलंय, त्यात वेळ घालवत नाही. सरळ त्या रात्रीकडे येतो.

4 फेब्रुवारी 2018. फिलाडेल्फियाजवळ एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही पंधरा-सोळा मराठी माणसं दाटीवाटीनं बसलो होतो. सुपर बोलचा सामना मिनियापोलिसला, फिलाडेल्फियाचे ईगल्स आणि न्यू इंग्लंडचे पेट्रियट्स. ईगल्सचा ठरलेला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ, पण 10 डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्याचा गुडघा गेला. त्या रविवारी आमच्याकडे कुणाला जेवण गेलं नाही.

तर, वेंट्झच्या जागी आला राखीव खेळाडू निक फोल्स. 2016 साली हाच माणूस खेळ सोडायच्या विचारात होता. आणि समोर कोण? पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. तेव्हाच पाच सुपर बोल जिंकलेला.

दुसरा क्वार्टर संपत आलेला, फक्त 38 सेकंद उरलेली. ईगल्स 15, पेट्रियट्स 12. चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि गोलरेषा एका यार्डावर. मी म्हटलं, आता हे फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून उडवून, तीन गुण घेणार. म्हणून वड्यांचा दुसरा घाणा काढायला वर स्वयंपाकघरात निघालो. अर्ध्या जिन्यात होतो आणि खालून ओरडा ऐकू आला, "अरे, हे जाताहेत! मारत नाहीयेत!" तसाच वळलो, कठड्यावरून वाकून बघितलं.

फोल्स आपली जागा सोडून उजवीकडे पुढच्या रांगेतल्या खेळाडूंजवळ चालत गेला, जसं काही कुणाला काहीतरी सांगायचं राहिलंय. तेवढ्यात चेंडू थेट ईगल्सच्याच कोरी क्लेमंटच्या हातात आला. तो डावीकडे पळाला, पळता पळता त्यानं चेंडू ट्रे बर्टनला दिला. बर्टन टाइट एंड, म्हणजे समोरच्यांना अडवणारा आणि पास झेलणारा, पण कॉलेजात दाखल झाला होता तो क्वार्टरबॅक म्हणून. आणि बर्टननं फेकला कुणाकडे? फोल्सकडे! गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये फोल्स एकटा उभा होता, आसपास चिटपाखरू नाही. टचडाऊन, म्हणजे सहा गुण, वर किकचा एक. 22-12.

त्याच क्वार्टरमध्ये ब्रेडीकडेही असाच पास आला होता, तो त्याच्या बोटांवरून निसटला. ब्रेडीच्या हातून सुटला, फोल्सनं झेलला. आणि ही चाल सुचवली होती खुद्द फोल्सनं. प्रशिक्षक डग पीडरसननं क्षणभर विचार केला आणि हो म्हटलं. पीडरसन खेळाडू असताना ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्व्हचा राखीव होता. राखीव माणसावर कसा भरवसा टाकायचा, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

शेवट 41-33. ब्रेडीनं 505 यार्ड फेकले आणि तो हरला. फोल्सनं 373 फेकले आणि तो जिंकला. वर घाणा काढायचा तो राहिलाच.

आता यामागचं कारण. त्या सामन्यात फोल्सला एकदाही पाडता आलं नाही, एकदाही नाही. त्याला वाचवणाऱ्या पुढच्या रांगेतले जेसन केल्सी, लेन जॉन्सन आणि त्यांच्या बाजूची माणसं भिंतीसारखी उभी होती. ब्रेडी मात्र शेवटच्या सव्वादोन मिनिटांत, नेमक्या वेळी, ईगल्सच्या ब्रँडन ग्रॅहमच्या हाती सापडला आणि चेंडू सुटला. दुसरं कारण पैशाचं. सगळ्या संघांना पगाराची एकच मर्यादा. वेंट्झ नवा, पहिल्या करारावरचा, त्यामुळे स्वस्त. उरलेल्या पैशांतून भिंत बांधता आली. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, त्याला 2020 साली दहा वर्षांचा, सुमारे 45 कोटी डॉलरचा करार मिळाला. तसा करार केला की बाकीच्या जागा जपूनच भराव्या लागतात.

आणि हेच फोल्स महाशय 2019 मध्ये जॅक्सनव्हिलला गेले, पहिल्याच सामन्यात खांद्याजवळचं हाड मोडलं. ते दिवस पुन्हा आले नाहीत. म्हणून म्हणतो, एकदा जिंकायला नको, दरवर्षी जिंकायला हवा. ब्रेडीचे सात विजय काही एका भिंतीनं मिळवून दिलेले नाहीत, इतक्या वर्षांत त्याच्या पुढची माणसं कितीदा तरी बदलली.

पण भिंत आधी. 9 फेब्रुवारी 2025, न्यू ऑर्लीन्स, सुपर बोल. पुन्हा ईगल्स, समोर महोम्स. मध्यंतराला 24-0. ईगल्सनं महोम्सला पाडायला एकदाही जादा माणसं पुढे धाडली नाहीत, पुढच्या चौघांवरच काम भागवलं, त्या चौघांनी महोम्सची भिंत फोडली, आणि महोम्स सहा वेळा खाली पडला. 40-22. सामनावीराचा मान ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मिळाला. तो छान खेळला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं मत विचाराल, तर तो मान त्या रात्री ईगल्सच्या पुढच्या रांगेतल्या जोश स्वेटचा होता. अडीच सॅक केल्या त्यानं, म्हणजे महोम्सला पाडण्याचं अडीच वेळांचं श्रेय त्याचं.