इंधन मी कधी जाळलं?

(ग्राहक मेळाव्यातील व्याख्यान, थोडं संपादित करून)

मागच्या वेळी इथे बोलून खाली उतरलो तर एका आजींनी पिशवीतून विजेचं बिल काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "मीटर पळतोय." मी युनिटं पाहिली. मे महिना, सुट्टीला आलेली नातवंडं, रात्रंदिवस पंखे. मीटर बिचारा आपल्या चालीने चालला होता. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'इंधन समायोजन आकार'. "हे इंधन मी कधी जाळलं?"

प्रश्न चोख आहे. आज त्याच्याच मागे जाऊ.

मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, वीज पुरवते बेस्ट, तीच बसही चालवणारी. १९४७ पासून हा उपक्रम महापालिकेचा आहे. पण बेस्ट वीज बनवत नाही, विकत घेते, त्यातली बरीचशी टाटा पॉवरकडून. त्यामुळे बेस्टच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा वीजखरेदीचा. त्यातही गंमत अशी, की वीजकेंद्र सज्ज ठेवल्याचे पैसे वीज उचलली नाही तरी द्यावे लागतात. रिक्षा दारात उभी करून ठेवल्यासारखं.

आता दर कोण ठरवतं? महापालिका नव्हे. १९९९ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग. बेस्ट पुढचा खर्च मांडते, आयोग त्यातला किती रास्त ते ठरवतो आणि तेवढाच दरात उतरवतो. हे सगळं अंदाजावर. वर्षाच्या मध्येच कोळसा महागला तर? २००३ च्या वीज कायद्यानुसार दर एरवी वर्षातून एकदाच बदलता येतो. अपवाद इंधनाचा. आयोगाने घालून दिलेल्या सूत्राने तो फरक तुमच्या बिलात येतो. आजी, तुमचं इंधन ते. जळलं ट्रॉम्बेला, टाटांच्या वीजकेंद्रात.

दुसरी तक्रार नेहमीची: "शंभराच्या वर एक युनिट गेलं आणि सगळं बिलच महाग झालं." तसं होत नाही. घरगुती वापराचे टप्पे आहेत, १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. १०१ वं युनिट महाग, आधीची शंभर आपल्या जुन्याच दराने. २०२० च्या जूनमध्ये लोक भडकले ते आठवा. टाळेबंदीत मीटर वाचायला कोणी आलं नाही, हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीवर बिलं गेली आणि उन्हाळ्याचा खरा आकडा एकदम जूनमध्ये अंगावर आला. तेव्हाही टप्पे महिन्यांच्या हिशेबाने वाढवले होते, तीन महिन्यांचं बिल असेल तर पहिला टप्पा ३०० युनिटांचा. पण हे कोणी नीट समजावून सांगितलं? बिलावर बारीक अक्षरात छापलं म्हणजे सांगितलं असं होत नाही.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. काही वर्षं बेस्टच्या बिलातून बसच्या तोट्याचीही वसुली होत होती. दादरला पंखा लावणारा माणूस बसभाड्यातली तूट भरत होता, मग तो बसने जावो की न जावो. पुढे ते थांबलं. बस स्वस्त असावी याच्या मी पूर्ण बाजूचा आहे. पण तो भार विजेवर टाकायचा की शहराच्या करातून उचलायचा, हा हिशेबनिसाने सोडवायचा प्रश्न नाही. आयोगाने होकार दिला म्हणून ती वसुली बिलात आली. बिलातली जवळपास प्रत्येक ओळ अशीच, कुणीतरी कुठेतरी मंजूर केलेली.

ती मंजुरी उघड्यावर होते. दरवाढीचा अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघते, हरकती मागवतात, जनसुनावणी होते. आयोगाचं कार्यालय कफ परेडला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तेराव्या मजल्यावर. सुनावणीला वकील असतात, उद्योगांचे सल्लागार असतात. चाळीतलं माणूस शोधावं लागतं. आणि तरी आयोगाचा आदेश उघडून बघा: हरकत काय, बेस्टचं उत्तर काय, आयोगाचा निर्णय काय, हे एकाखाली एक छापलेलं असतं.

तेव्हा आजी, पुढची नोटीस आली की मघाचा प्रश्न एका कागदावर लिहा. मराठीत चालतं. एक प्रत आयोगाला, एक बेस्टला. आणि मुदतीची तारीख तेवढी बघा, ती नेहमी वाटते त्यापेक्षा जवळ असते.